गाडीचा एसी गार हवा देत नाही? गॅस भरण्याआधी कारण शोधा





या पानावर मी नेहमी बेणे, खते, पाचट, खोडवा यांविषयी लिहितो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे. काही सभासद म्हणतील, "साहेब, उसाचं सोडून हे काय काढलंत?" पण गेल्या काही वर्षांत आपल्या कार्यक्षेत्रात दारोदारी चारचाकी आली. काहींनी ऊसतोडणी यंत्रे घेतली, त्यांच्या कॅबिनला एसी असतो. काही नव्या ट्रॅक्टरांनाही कॅबिन आणि एसी आला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांपेक्षा जास्त वजनाच्या मालट्रकांच्या चालककक्षातही एसी सक्तीचा झाला आहे. तेव्हा हे यंत्र आता चैनीचे राहिलेले नाही. ते आपल्या शेती-अवजारांच्या यादीत आले आहे, आणि त्याची थोडी माहिती आपल्याला असलीच पाहिजे.

हा विषय डोक्यात येण्याचे कारण घरचेच आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी बजावून सांगितले की डोळ्यात धूळ जाता कामा नये. परत येताना भर दुपार, साठ किलोमीटरचा रस्ता. एसी लावला तर वारा येई, पण कोमट. काच उघडावी तर रस्त्याच्या कामाची धूळ, बंद ठेवावी तर आत भट्टी. निम्म्या वाटेत आईला गरगरायला लागले. एका आंब्याच्या झाडाखाली गाडी उभी केली, ओला टॉवेल मानेवर ठेवला, पाणी पाजले, आणि ऊन उतरेपर्यंत तिथेच बसून राहिलो.

वाईट याचं वाटलं, की त्या उन्हाळ्यात मी त्याच एसीत तीन वेळा गॅस भरून घेतला होता. दरवेळी दोन-तीन आठवडे गार, मग पुन्हा जैसे थे. दरवेळी गॅरेजवाला म्हणे, "गॅस संपलाय." आणि मीही मान डोलवून पैसे देई.

पिवळे पान आणि युरिया

माझे शिक्षण शेतकी पदविकेचे, मेकॅनिकचे नव्हे. पण ज्या चुकीबद्दल मी सभासदांना वीस वर्षे बोलतो, तीच चूक मी स्वतः केली होती. उसाचे पान पिवळे दिसले की काही जण लगेच युरियाचे पोते फोडतात. पान पिवळे पडायला नत्राची कमतरता हे एकच कारण नसते. चुनखडीच्या रानात लोह कमी पडले की केवडा पडतो. पाणी साचले तरी पिवळे पडते. मुळाशी हुमणी लागली तरी पिवळे पडते. कारण न शोधता टाकलेला युरिया म्हणजे पैसा पाण्यात.

एसीचेही तसेच आहे. गार होत नाही हे लक्षण झाले, तो रोग नव्हे. त्याची आठ-दहा कारणे असू शकतात आणि गॅस कमी होणे हे त्यातले फक्त एक. आणि गॅस खरोखर कमी झाला असेल, तरी तो कुठून तरी गळाला आहे. तो पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळीत तोच गॅस फिरत राहतो. वर्षानुवर्षांत रबरी नळ्यांतून थोडा झिरपतो हे खरे, पण महिन्या-दोन महिन्यांत तो नाहीसा होत असेल तर गळती आहे असेच समजावे.

एसी चालतो कसा?

हे समजायला आपला कारखानाच पुरे आहे. ज्यांनी आपले बॉयलिंग हाउस पाहिले आहे, त्यांना आठवत असेल की पॅनमध्ये रस शंभर अंशाला उकळत नाही. तिथे निर्वात पोकळी करून दाब कमी केलेला असतो, म्हणून तो पुष्कळ कमी तापमानाला उकळतो. म्हणजे दाब कमी केला की द्रव लवकर उकळतो, दाब वाढवला की उशिरा. दुसरा नियम असा, की द्रवाची वाफ होताना ती आजूबाजूची उष्णता ओढून घेते आणि वाफेचा पुन्हा द्रव होताना ती उष्णता बाहेर टाकते. घाम वाळताना अंगाला गार लागते ते याच कारणाने.

गाडीच्या एसीत पाण्याऐवजी एक खास गॅस असतो. आजच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस आहे. मोकळ्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशाला उकळतो. त्याचा प्रवास असा:

१) कॉम्प्रेसर – इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा पंप. तो गॅस दाबतो. दाबलेला गॅस तापतो.

२) कंडेन्सर – गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे असलेली जाळी. इथे तापलेला गॅस बाहेरच्या वाऱ्याला उष्णता देतो आणि त्याचा द्रव होतो.

३) ड्रायर – द्रवातला ओलावा आणि कचरा धरून ठेवणारी छोटी टाकी. आपल्या ठिबकच्या फिल्टरसारखी.

४) एक्स्पान्शन व्हॉल्व्ह – एक बारीक छिद्र. त्यातून द्रव पुढे गेला की दाब एकदम उतरतो.

५) इव्हॅपोरेटर – डॅशबोर्डच्या आत लपलेली जाळी. इथे कमी दाबाचा द्रव शून्य अंशाच्या आसपास उकळतो आणि कॅबिनमधल्या हवेची उष्णता ओढून घेतो. ब्लोअर ती गार झालेली हवा आपल्या तोंडावर फेकतो.

थोडक्यात, एसी गारवा तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. हमालच म्हणा ना. आता हमाल काम करत नसेल तर तीनच गोष्टी पाहायच्या: आत उष्णता उचलली जात नाही, वाटेत वाहतूक थांबली आहे, की बाहेर माल उतरवता येत नाही?

घरच्या घरी तपासणी

गाडी मोकळ्या जागेत, सावलीत उभी करावी. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. गळ्यातला टॉवेल, उपरणे, सैल बाही बाजूला ठेवावी, कारण पट्टा आणि पंखा फिरत असतो. इंजिन बंद असतानाही पुढचा पंखा एकाएकी सुरू होऊ शकतो, म्हणून त्यात हात घालू नये. तपासणी पुढील क्रमाने करावी.

पहिली पायरी – वारा येतो का? वारा मुळीच येत नसेल तर गॅसचा काही संबंध नाही. ब्लोअरचा फ्यूज, रिले, मोटार पाहावी. पंख्याचा फक्त शेवटचा वेग चालतो आणि खालचे चालत नाहीत, असे असेल तर बहुधा ब्लोअरचा रेझिस्टर गेलेला असतो.

वारा येतो पण मंद येतो, असे असेल तर केबिन फिल्टर काढून पाहावा. बहुतेक गाड्यांत तो डावीकडच्या खणाच्या मागे असतो. आपल्या भागात तो किती भरतो हे सांगायला नको. तोडणीच्या दिवसांत पाचटाचा भुसा आणि फुफाटा. फिल्टर बुजला असेल तर नवा घालावा. पुष्कळांचा एसी एवढ्यानेच सुधारतो.

आधी गार येते, अर्ध्या तासाने वारा कमी होत जातो आणि एसी दहा मिनिटे बंद ठेवला की पुन्हा नीट येतो, असा प्रकार असेल तर आतल्या जाळीवर बर्फ धरतो आहे. बुजलेला फिल्टर किंवा बिघडलेला थर्मोस्टॅट ही त्याची नेहमीची कारणे.

दुसरी पायरी – कॉम्प्रेसर चालतो का? बॉनेट उघडून सोबत्याला एसीचे बटण दाबायला सांगावे. बऱ्याच गाड्यांत "टक्" असा आवाज येतो आणि कॉम्प्रेसरच्या पुढची चकती पुलीबरोबर फिरू लागते. पुली फिरते आणि चकती उभी, म्हणजे क्लच लागत नाही. फ्यूज, रिले, वायर पाहावी. इथे एक लक्षात ठेवावे: गॅस फारच कमी झाला तर दाबाचा स्विच मुद्दाम कॉम्प्रेसर सुरू होऊ देत नाही, पंप कोरडा चालून जळू नये म्हणून. त्यामुळे काही जण वायर थेट जोडून क्लच लावतात, तसे अजिबात करू नये. काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, तिथे "टक्" ऐकू येणार नाही. त्यावरून पंप बिघडला असे समजू नये.

तिसरी पायरी – बाहेर उष्णता टाकली जाते का? एसी लावल्यावर पुढचा पंखा फिरायला हवा. रस्त्यावर गाडी पळताना गार येते, पण काट्यावर रांगेत उभे राहिलो की गरम येते, अशी तक्रार असेल तर नव्वद टक्के वेळा पंखा किंवा कंडेन्सरची जाळी हेच कारण, असे आमच्या वर्कशॉपचे फिटर सांगतात. पळताना वारा आपोआप मिळतो, उभी राहिली की पंख्यावरच सारा भार.

याची एक सोपी खूण आहे. इंजिन व एसी चालू ठेवून समोरून जाळीवर पाण्याचा हलका फवारा मारावा, पंख्याच्या मोटारीवर व वायरवर नको. चार-पाच मिनिटांत आतली हवा लक्षात येण्याइतकी गार झाली, तर गॅस ठीक असण्याची शक्यता मोठी आणि दोष बाहेरच्या वाऱ्याचा आहे.

जाळी धुताना गाडी धुण्याच्या मशीनचा जोराचा झोत जवळून मारू नये. तिच्या पाकळ्या कागदासारख्या पातळ असतात, त्या दुमडल्या की वारा कायमचा अडतो. इंजिन थंड करून, साध्या नळीने, शक्य असेल तिथे आतून बाहेरच्या दिशेने धुवावे.

चौथी पायरी – दोन नळ्यांना हात लावणे. इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्यातून ॲल्युमिनियमच्या दोन नळ्या आत जातात, एक जाड, एक बारीक. एसी दहा मिनिटे चालल्यावर जाड नळी गार आणि घामेजलेली हवी, बारीक नळी कोमट. कॉम्प्रेसरजवळच्या नळ्यांना मात्र हात लावू नये, भाजते.

या दोन नळ्यांचा निकाल असा वाचावा:

- जाड नळी छान गार, पण तोंडावरची हवा गरम: एसी ठीक आहे. डॅशबोर्डमधली हीटरची झडप अडकली आहे. गॅस भरून काही होणार नाही.
- दोन्ही नळ्या सारख्याच कोमट: कॉम्प्रेसर दाबत नाही किंवा गॅस गेला आहे.
- जाड नळी थोडीशीच गार आणि जोडांवर तेलकट धूळ: गळतीचा संशय पक्का.

तेलकट धूळ हीच ती खूण, जी मी तीन महिने पाहिली नव्हती. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही नळीत फिरत असते. जिथून गॅस गळतो तिथून तेलही थोडे बाहेर येते आणि त्यावर धूळ बसून काळा चिकट डाग पडतो. आमच्या फिटरने कंडेन्सरच्या जोडाजवळचा असा डाग मला बोटाने दाखवला. आत एक रबराची चकती वाळून चिरली होती. किंमत किरकोळ. तिच्यापायी तीन वेळचा गॅस गेला आणि आईची ती दुपार झाली.

गॅरेजमध्ये गेल्यावर काय मागावे?

गॅसची नळी उघडणे हे घरी करायचे काम नव्हे. उसळून आलेला द्रव कातडीवर पडला तर जागच्या जागी गोठवतो, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. हा गॅस ज्वाळेवर गेला तर विषारी वायू तयार होतात. म्हणून ते काम जाणत्याकडेच द्यावे, पण काम कसे व्हावे हे आपल्याला ठाऊक हवे. चार गोष्टी नीट विचारून घ्याव्यात:

१) आधी गळती शोधा. नायट्रोजनचा दाब भरून जोडांवर साबणाचे पाणी लावतात, किंवा रंग घालून विशिष्ट दिव्याखाली पाहतात. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटका पाट न लिंपता मोटार चालू ठेवणे.

२) व्हॅक्यूम करा. नळी उघडली की हवा आणि ओलावा आत शिरतो. निदान अर्धा तास पंप लावून तो काढावा आणि पंप बंद केल्यावर काटा जागेवर राहतो का ते पाहावे. काटा सरकला तर गळती शिल्लक आहे. नळी उघडली असेल तर ड्रायरही बदलून घेणे चांगले.

३) गॅस वजनाने भरा. किती ग्रॅम भरायचा ते बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. लहान गाड्यांत तो साधारण अर्धा किलोच्या आसपास असतो. जास्त भरला तर जास्त गार होईल हा गैरसमज आहे. जादा गॅसने दाब वाढतो, गारवा कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. एसी बंद असताना नुसता दाब पाहून गॅस किती आहे ते कळत नाही. घरचा सिलिंडर अर्धा असो की भरलेला, आतला दाब जवळपास सारखाच. वजन केल्याशिवाय कळत नाही. तसेच हे.

४) चिठ्ठीवरचाच गॅस भरा. पूर्वी गाड्यांत आर-१२ असे. ओझोनच्या थराला त्याचा धोका दिसल्यावर १९८७ साली माँट्रियल करार झाला आणि पुढे आर-१३४ए आला. तो ओझोनला मारक नाही, पण हवेत सोडला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. म्हणून जुना गॅस हवेत न सोडता यंत्राने परत काढून घ्यावा. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. स्वस्तात म्हणून कुणी घरगुती सिलिंडरचा गॅस भरून देत असेल तर हात जोडून परत यावे. डॅशबोर्डमध्ये गळला तर एका ठिणगीत गाडी पेटेल.

इलेक्ट्रिक गाडीच्या एसीला घरी हातच लावू नये. तिथला कॉम्प्रेसर मोठ्या व्होल्टेजवर चालतो. नारिंगी रंगाची केबल दिसली की मागे सरावे.

तोडणी यंत्र व ट्रॅक्टर असलेल्या सभासदांसाठी

यंत्राचा एसी गार होत नाही म्हणून ऑपरेटर दार उघडे ठेवून तोडणी करतो, हे मी फडात पाहिले आहे. मग धूळ थेट नाकातोंडात आणि उडणारे कांडे, दगड लागण्याचा धोका. बाकी काही नाही, तरी दुपारी दोनला तो माणूस थकतो आणि चूक करतो. कंडेन्सर कॅबिनच्या छतावर असो की रेडिएटरजवळ, तोडणीत त्यावर पाचटाची लव गोधडीसारखी बसते. रोज सकाळी यंत्र बंद असताना ती झाडावी, हवेच्या नळीने हलके साफ करावी. केबिन फिल्टर दर आठवड्याला काढून झटकावा. हंगाम संपल्यावर यंत्र उभे करताना जाळी धुवावी, आणि मधल्या काळात पंधरा दिवसांतून एकदा इंजिन सुरू करून दहा मिनिटे एसी चालवावा. तेल फिरत राहिले की रबरी सील वाळत नाहीत. घरच्या गाडीलाही थंडीत हाच नियम लावावा.

वापरताना

उन्हात तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या काचा बंद करू नयेत. दोन मिनिटे काचा उघड्या ठेवून गरम हवा जाऊ द्यावी, मग एसी लावावा आणि आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबावे. गाडीखाली पाणी ठिबकते म्हणून घाबरू नये. ते हवेतले बाष्प आहे, एसी काम करतो याची ती खूणच. तेच पाणी पायाखालच्या चटईवर आले तर निचऱ्याची नळी तुंबली आहे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एसी सुरू ठेवून उभ्या गाडीत झोपू नये. गळका सायलेन्सर किंवा आडोशाची जागा असेल तर इंजिनचा विषारी धूर आत येतो. त्याला ना वास, ना रंग; झोपलेला माणूस उठत नाही. कारखान्याच्या अड्ड्यावर रात्री नंबर येईपर्यंत थांबणाऱ्या चालकांना हे जरूर सांगावे. आणि लहान मूल उन्हात बंद गाडीत क्षणभरही एकटे ठेवू नये.

गळती काढून, व्हॅक्यूम करून, वजनाने गॅस भरल्यापासून माझ्या गाडीत पुन्हा गॅस भरावा लागलेला नाही. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेलो तेव्हा परतीच्या वाटेवर आई म्हणाली, "एसी जरा कमी कर, गार लागतंय." तेवढ्यावरून लेख लिहायचं ठरवलं.

पान पिवळे दिसले तर आधी मूळ उकरून पाहायचे. एसी गार होत नसेल तर आधी वारा, मग पंप, मग जाळी, मग नळ्या पाहायच्या, आणि गॅस सर्वांत शेवटी. हा क्रम कागदावर लिहून गाडीच्या खणात ठेवावा, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेती खाते